आसेगावचं शिंगरू

व्हिडिओ आला तेव्हा मी मुलीच्या डब्यात पोळीभाजी भरत होते. आसेगावच्या काकाजींनी पाठवला होता; नात्यातले नव्हेत, सगळेच त्यांना काकाजी म्हणतात. लग्नाच्या वरातींना घोडी देणं हा त्यांचा वडिलोपार्जित धंदा, आणि त्यांच्या पांढऱ्या घोडीला नुकतंच शिंगरू झालं होतं. व्हिडिओत ते शिंगरू टिनाच्या शेडखाली उभं होतं. पाय पसरायचं, शेपटी उचलायचं, जोर करायचं, आडवं पडायचं, लगेच धडपडत उठायचं आणि परत पाय पसरायचं. मागून त्यांच्या बायकोचा, काकूंचा आवाज येत होता, "पाहा, पाहा, पुन्हा करून राह्यलं."

मी तो परत लावला. मग परत. शेवटी मुलगी म्हणाली, "आई, तू दोन्ही कप्प्यांत भाजीच भरलीस."

मी मंगरूळपीरला जनावरांची डॉक्टर आहे. माहेर अनसिंगचं, त्यामुळे इथली बोली आणि इथली माणसं मला परकी नाहीत. माझे पेशंट म्हणजे गाई, म्हशी, बकऱ्या. घोड्यांशी संबंध कधीमधी, खुरात खिळा घुसला किंवा पोट दुखलं तर. नुकतं जन्मलेलं शिंगरू तर नोकरीला लागल्यापासून हाताखालून गेलं नव्हतं. आणि माझी एक खोड आहे. एखाद्या गोष्टीचा उलगडा होईना की मला एका जागी बसवत नाही. आई म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे. त्या सकाळी मी स्वयंपाकघर ते दार, दार ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालतच काकाजींना फोन लावला.

"काकाजी, लघवी करते का ते?"

"करते नं, थोडी थोडी. पन मॅडम, लघवीचं काही नाई. याची काळी लीद अडकली. म्या काल साबनाचं पानी देल्लं पाठीमागून, थोडी निंगाली. उरलेली बाकी हाय."

नवजात शिंगराच्या पोटात जन्माआधीची काळी, चिकट लीद असते आणि ती पुष्कळदा अडकते. काकाजींचं म्हणणं वावगं नव्हतं.

"दूध पेते?"

"सकायपासून तोंड लावते अन् सोडून देते."

फोन ठेवला आणि व्हिडिओ आणखी एकदा पाहिला, या वेळी फक्त पाठ. लीद अडकलेलं शिंगरू जोर करताना पाठ वर काढतं, रागावलेल्या मांजरासारखी कमान करतं. या शिंगराची पाठ खाली दबलेली होती, पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले. ते लीद टाकायला जोर करत नव्हतं. ते लघवीलाच जोर करत होतं.

दवाखान्यात गाईम्हशी गाभण आहेत की नाही ते पाहण्यासाठी एक छोटं सोनोग्राफी मशीन आलेलं होतं. ते बॅगेत घातलं, बॅग स्कूटीवर पायांच्या मधे उभी केली आणि आसेगावच्या रस्त्याला लागले. वाटेत सगळीकडे तुरीची मळणी चालू होती. भुसा उडत होता, डोळ्यांत जात होता, आणि मला मात्र ते शिंगरू तेवढं दिसत होतं. पडतं, उठतं, पडतं.

काकाजींचं अंगण गावाच्या कडेला. मी पोचले तेव्हा घोडी दाव्याला हिसके देत होती आणि शिंगरू तिच्या पायांशी भिंतीला टेकून उभं होतं. गडद तपकिरी रंगाचं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं नर शिंगरू. व्हिडिओत न दिसलेली गोष्ट आता दिसली. बाकी अंग काटकुळं आणि पोट तेवढं गोल, ताणलेलं. हातानं हलकेच थोपटलं तर आत पाण्याची लाट इकडून तिकडे गेल्यासारखी वाटली.

"ही घोडी आधी दोनदा गाभडली," काकाजी म्हणाले. "हे पयलंच जितं लेकरू तिचं."

काकू घोडीच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि नजर शिंगरावर होती. पन्नाशीच्या पुढची, उंच, हाडापेरानं मजबूत बाई. काकाजी वरातीत घोडीपुढे चालत, पण घोडीचं खाणंपिणं, मालिश, सगळं काकूंकडे.

आम्ही शिंगराला गोणपाटावर आडवं केलं. काकाजींनी डोकं आणि पाय धरले. मी पोटाखालचे थोडे केस कापले, स्पिरिट लावलं, जेली लावली. गार लागताच ते शहारलं. पण ऊन इतकं होतं की पडद्यावर मला माझंच तोंड दिसत होतं. काकूंनी घरातून गोधडी आणली आणि माझ्यावर, मशीनवर, शिंगरावर अशी सगळ्यांवर मिळून टाकली, आणि परत घोडीपाशी गेल्या.

गोधडीखाली अंधार, उकाडा, दुधाचा आणि ओल्या केसांचा वास. शिंगराचा श्वास भराभर चाललेला. मी मशीनचं टोक पोटाला लावलं आणि पडद्यावर काळं दिसलं. सोनोग्राफीत पाणी काळं दिसतं. एवढं मोठं काळं पाहून मला वाटलं, लघवीची पिशवी तुडुंब भरलीय, वाट अडलीय, नळी घातली की सुटेल. गोधडीतूनच मी ओरडले, "काकाजी, लघवी तुंबली हाय!"

बारीक नळी घातली. दोनचार थेंब आले, मग एक बारीकशी धार.

"मुतलं व बाई, मुतलं!" काकू घोडीच्या गळ्यावर थाप मारत म्हणाल्या. काकाजींनी गोधडीत डोकं घालून मला विचारलं, "झालं नं मंग?" मीही हसले. मलाही तेच हवं होतं.

धार लगेच थांबली. मी सहज, खात्रीसाठी म्हणून परत पडद्याकडे पाहिलं. काळं तेवढंच होतं. पिशवी रिकामी होत असती तर ती लहान दिसायला हवी होती. मी टोक डावीकडे सरकवलं, तिथेही काळं. उजवीकडे, काळं. वर बरगड्यांपर्यंत नेलं, तिथेही. त्या काळ्या पाण्यात आतड्यांची वेटोळी तरंगत होती. मग बेंबीच्या मागे मला एक चुरगळलेली, कडा दुमडलेली वस्तू दिसली. शिंगरानं श्वास घेतला की ती पाण्यात हलायची. तीच लघवीची पिशवी होती, रिकामी आणि फाटलेली. मी जिला पिशवी समजत होते ते त्याचं अख्खं पोट होतं.

मी गोधडी बाजूला केली. उजेडात डोळे दिपले.

"पिशवी फाटली हाय," मी म्हटलं. "मुतते तेवढं खरं, पन बाकी सगळी लघवी पोटातच सांडून राह्यली."

"फाटते कशी?" काकाजी चिडून म्हणाले. "कोनी लात नाई मारली त्याले. घोडीनं पाय बी नाई लावला."

"जन्मताना दाब पडते काकाजी. कोनाचा दोष नाई."

ते तरी पुटपुटत राहिले, लीदच आहे, एकदा एरंडेल देऊन पाहू. काकूंनी त्यांना मधेच तोडलं.

"शिवता येते का?" त्यांनी मला विचारलं.

"येते."

"तुमाले?"

"मले नाई. पन जिले येते तिले मी ओळखते."

माझी एक वर्गमैत्रीण अकोल्याला जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनं करते. तिला पडद्याचे फोटो पाठवले आणि अंगणात फेऱ्या मारत फोन केला. मी एका दमात सांगून टाकलं की गाडी बोलावते, लगेच निघते, तू टेबल तयार ठेव.

"थांब," ती म्हणाली. "असंच आणलंस तर भूल देताक्षणी जाईल. लघवीतलं पोटॅशियम रक्तात चढलेलं असणार, हृदय बंद पडेल. आधी तिथेच पोट रिकामं कर. सोबत सलाईन आणि ग्लुकोज चालू दे. रक्ताचा आणि पोटातल्या पाण्याचा नमुना लॅबला पाठव. आणि सगळं हळू कर. हळू म्हणजे माझं हळू, तुझं नाही."

कडुलिंबाच्या फांदीला सलाईनची बाटली बांधली. शिंगराच्या पोटाचा एक भाग बधिर करून तिथून नळी आत घातली आणि दुसरं टोक घमेल्यात सोडलं. फिकट पिवळं पाणी आलं, वास सरळसरळ लघवीचा. काकाजींनी तो वास घेतला आणि एरंडेलाचं नाव परत काढलं नाही. नमुन्यांच्या बाटल्या घेऊन ते मोटरसायकलवर मंगरूळपीरच्या लॅबला गेले.

मग सुरू झालं ते हळू करणं. पाणी थेंबाथेंबानं यायचं, मग धार लागायची, मग आतलं काहीतरी नळीच्या तोंडाशी येऊन बसायचं आणि थांबायचं. नळी जरा फिरवायची, पुन्हा वाट पाहायची. मला एका दमात सगळं काढून टाकावंसं वाटत होतं, पण तसं केलं तर रक्तदाब कोसळतो. मी छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकायचे, उठायचे, बाटलीचा वेग पाहायचे, घमेलं पाहायचे, रस्त्याकडे पाहायचे, परत ठोके ऐकायचे. ठोके मधेच संथ झाल्यासारखे वाटले की पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. घोडी खूर आपटत होती, खिंकाळत होती, दाव्याभोवती फिरत होती.

"मॅडम," काकू म्हणाल्या, "तुमी बसा बरं एका जागी. तुमी फिरता म्हून हे बी फिरून राह्यली."

मी बसले. घोडी खरंच जरा थांबली. मी उठले नाही, पण पायाचा अंगठा मात्र सारखा हलत होता.

लॅबमधून फोन आला. तिथला माणूस घाबराघुबरा. "मॅडम, या पेशंटचं क्रिएटिनिन भलतंच हाय. अन् दुसऱ्या बाटलीत तर त्याच्या कितीतरी पट. डायलिसिसवर हाय का पेशंट? वय नाई लिहिलं तुमी."

"तीन दिवसांचा आहे."

"अरे देवा. कोनाचं लेकरू हाय?"

"घोडीचं."

तो म्हणाला, "मंग नॉर्मल किती असते मी कसं सांगू?"

पण मला हवं ते कळलं होतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडातून बाहेर पडणारा कचरा. तो रक्तापेक्षा पोटातल्या पाण्यात इतका जास्त, याचा अर्थ ते पाणी लघवीचंच. पडद्यावर पाहिलं ते खरं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं, तर उलट हातापायांत जास्तच घाई भरली.

दुपारी पोट मऊ पडलं आणि ठोके सुधारले, तेव्हा काकाजींनी गावातली पिकअप गाडी आणली. शिंगराला नेणं सोपं होतं, पण घोडीशिवाय नेऊन उपयोग नव्हता. ऑपरेशन झालं तर त्याला पाजणार कोण? आणि घोडी काही केल्या गाडीत चढेना. काकाजींनी चुचकारलं, गूळ दाखवला, मागून ढकललं. ती फळीवर एक पाय ठेवायची आणि मागे उसळायची. एकदा तिच्या धक्क्यानं सलाईनची बाटलीच माझ्या हातातून पडली. ड्रायव्हर म्हणाला, "राहू द्या हो तिले, बाटलीनं पाजा."

काकूंनी साडीचा पदर खोचला. गाडीत चढल्या, पुढच्या बाजूला मांडी घालून बसल्या आणि म्हणाल्या, "द्या माह्याजवळ." आम्ही शिंगरू त्यांच्या मांडीवर ठेवलं. ते बारीकसं ओरडलं. काकूंनी घोडीकडे पाहिलं आणि नुसतं म्हटलं, "ये व माय. चाल." घोडीनं कान टवकारले, फळी हुंगली आणि चढली. तिनं मान खाली घालून शिंगराला चाटायला सुरुवात केली, आणि काकूंचे हातही त्यात चाटले गेले.

मी नवीन बाटली हातात धरून त्यांच्या शेजारी बसले. नवऱ्याला फोन करून सांगितलं की मुलीला शाळेतून तूच आण. अकोल्यापर्यंत मी दर खड्ड्याला शिंगराच्या छातीवर हात ठेवत होते. रस्ता संपत नव्हता. ड्रायव्हर हळू चालवत होता तेही सहन होत नव्हतं, आणि त्यानं वेग घेतला तर तेही.

मैत्रिणीनं दारातच सोनोग्राफी केली, मान डोलावली आणि शिंगराला आत घेतलं. मीही हात धुवायला लागले. ती म्हणाली, "तू बाहेर थांब. तुझ्या चुळबुळीनं माझा टाका चुकेल." ती थट्टेत म्हणाली, पण खरंच म्हणाली.

म्हणून मी बाहेर होते. समोर बाभळीला घोडी बांधलेली, काकाजी फाटकापर्यंत ये-जा करत होते, आणि काकू घोडीची आयाळ बोटांनी विंचरत होत्या. मी त्यांच्यापाशी जाऊन उभी राहिले. काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगितलं, माझी मुलगी जन्मली तेव्हा नर्स दर थोड्या वेळानं येऊन विचारायची, बाळानं शू केली का. मला तेव्हा तिचा राग यायचा.

काकूंचा हात चालूच होता. त्या म्हणाल्या, "माह्या पयल्यानं नोती केली."

मला आधी कळलं नाही.

"पयलं पोरगं. घरीच झालं होतं. असंच करे. पाय जवळ घे, जोर करे, लाल होये. पोट असंच गोल. सासू म्हने नजर लागली, मीठमिरच्या ओवाळल्या. कोनी म्हने पोट साफ नाई झालं, एरंडेल चाटवलं. तिसऱ्या दिवशी गेलं. मले आजवर मालूम नाई त्याले काय झालतं. आतून पाह्यलंच नाई नं कोनी."

त्या रडल्या नाहीत. आयाळीतला एक गुंता सोडवत राहिल्या. मग म्हणाल्या, "काल याले जोर करताना पाह्यलं अन् तेच डोयापुढं आलं. यायनं साबनाचं पानी देल्लं. म्या म्हटलं, मॅडमले व्हिडिओ धाडा. म्हने सकायी पाहू. मी रातभर याच्याजवळ बसली."

त्यांच्या पुढच्या दोन्ही पोरांना मी ओळखत होते, पुण्याला कामाला असतात, सणाला येतात. त्यांच्या आधीचं हे पोर मला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. त्या बाळाला नेमकं काय झालं होतं हे मीही सांगू शकत नव्हते. मनात दोनतीन शक्यता आल्या, डॉक्टरला येतात तशा, आणि मी त्या गिळल्या. मी फक्त आयाळीची दुसरी बाजू विंचरायला घेतली. फाटकाकडून येणारे काकाजी आम्हाला पाहून थबकले. त्यांनी काकूंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मला वाटतं त्यांना कळलं. ते परत फाटकाकडे वळले.

दिवस मावळताना मैत्रीण बाहेर आली. पिशवीच्या वरच्या बाजूला फाटलेलं होतं, कडा साफ होत्या, दुहेरी शिवली, बेंबीची नाळही काढून टाकली. "भुलेतून उठतंय," ती म्हणाली. "पण अजून आनंद करू नका. हे दोनतीन दिवस नाजूक असतात."

काकू आणि घोडी तिथेच राहिल्या. मी मंगरूळपीरला परतले आणि ते दिवस कसे काढले मला विचारू नका. लसीकरणाचं काम चालू होतं, बकऱ्या रांगेत होत्या आणि मी सुई टोचता टोचता फोन पाहत होते. दुसऱ्या दिवशी त्याला ताप आला, दूध सोडलं. काकूंकडून कळताच आसेगावहून काकाजींचा फोन: "मॅडम, टाका सुटला का?" मैत्रिणीचा फोन लागेना. लागला तेव्हा तिनं कॅमेरा सोनोग्राफीच्या पडद्याकडे वळवला. करड्या पोटात एक काळा गोल होता, कडा पूर्ण, कुठेही न तुटलेली. आजूबाजूला एक थेंब पाणी नाही. ताप टाक्याचा नव्हता, बेंबीच्या जखमेचा होता, आणि तो औषधानं उतरला. मी बकऱ्यांच्या रांगेत जमिनीवरच बसले. बकरीवाली बाई म्हणाली, "काय झालं व मॅडम, चक्कर आली का?"

शिंगरू आसेगावला परतलं आणि काही आठवड्यांनी मी एकदा पोट तपासून घ्यावं म्हणून मशीन घेऊन गेले. तूर निघून शेत मोकळं झालं होतं आणि ते त्यात घोडीभोवती उधळत होतं. काकाजींनी एका बाजूनं अडवलं, मी दुसऱ्या बाजूनं. ते आमच्या मधून निसटायचं, लांब जाऊन थांबायचं, आम्ही जवळ आलो की पुन्हा लाथा झाडत पळायचं. तिसऱ्या खेपेला काकाजी ढेकळांत पडले. मी म्हटलं, जाऊ द्या, जे इतकं पळतं त्याचं पोट ठीकच असणार.

"दोन वर्सानं याले वरातीले काढतो," काकाजी कपडे झटकत म्हणाले. "असा रंग साऱ्या तालुक्यात नाई."

"काई काढत नाई," काकू धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून म्हणाल्या. "त्या डीजेपुढे नाचवायले घेतलं का म्या त्याले मांडीवर?"

"मंग काय शाळेत टाकतं का?"

"टाकीन. तुमाले काय करा लागते?"

दोघंही तावातावानं बोलू लागले. शिंगरू लांब उभं राहून आमच्याकडे पाहत होतं. मला अनसिंगच्या रस्त्यावर एका म्हशीकडे जायचं होतं. त्यांचं भांडण चालू असतानाच मी मशीन बॅगेत भरलं आणि निघाले.